पाच सेकंदांचं आवर्तन

रेस्क्यू डायव्हरच्या अभ्यासक्रमात दहा सराव असतात. दमलेला डायव्हर, घाबरून हातपाय झाडणारा डायव्हर, पाण्याखाली गोंधळलेला, बेपत्ता झालेला, तळाशी निपचित पडलेला. एकेक संकट घ्यायचं आणि त्याची तालीम करायची. त्यांतला सातवा सराव कागदावर सगळ्यांत रुक्ष दिसतो. ‘पृष्ठभागावरील प्रतिसादहीन डायव्हर’ असं पंचनाम्याच्या भाषेतलं नाव, आणि खाली सूचनांची उतरंड. तरी बाकीचे नऊ सोडून मी पुन्हापुन्हा या सातव्याकडेच वळतो. पाण्यात वावरणाऱ्या माणसांनी रचलेल्या गोष्टींत इतकी घट्ट बांधणी मला दुसरीकडे आढळलेली नाही. रेस्क्यूची तयारी करणाऱ्याने पोहावं, दम वाढवावा, पुस्तक वाचावं, सगळं करावं. पण आधी या एका सरावाचं मर्म ओळखावं. बाकीची तयारी कशासाठी करायची, ते इथे कळतं.

मालवणला जाऊन ‘स्कूबा केलं’ असं सांगणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. तिथे गाइड टाकीला धरून पाहुण्याला उथळ पाण्यात फिरवून आणतो, मासे दिसतात, व्हिडिओ निघतो. पाहुण्याने फक्त श्वास घ्यायचा असतो. मजा आहे त्यात, नाही कोण म्हणतं. पण आपला विषय तो नव्हे. जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन या दोघांनी १९६६ साली अमेरिकेत ‘पॅडी’ ही संस्था काढली. तिच्या शिडीवर आधी ओपन वॉटर, मग ॲडव्हान्स्ड आणि मग रेस्क्यू येतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस स्वतःतच गुंतलेला असतो. माझी हवा किती उरली, मी किती खोल आलो, माझा मास्क गळतोय का. तिसऱ्या पायरीवर पहिल्यांदा नजर दुसऱ्याकडे जाते. प्रवेशाच्या अटी तशा हलक्या आहेत: ॲडव्हान्स्डच्या आसपासचं शिक्षण, पाण्याखाली दिशा धरून पोहण्याचा सराव, आणि गेल्या चोवीस महिन्यांत घेतलेलं प्रथमोपचार व सीपीआरचं प्रशिक्षण. एवढ्या अटी पुऱ्या करून आलेला माणूस तयार असतोच असं नाही. पण त्याकडे नंतर येऊ.

सातव्या सरावाची सुरुवात पाहा. पाण्यावर एक माणूस पालथा तरंगतो आहे. हालचाल नाही. रेस्क्यूअर डोकं वर ठेवून, नजर न हलवता त्याच्याकडे पोहत जातो आणि काही अंतरावरूनच ओरडतो, “डायव्हर, डायव्हर, आर यू ओके?” पाणी उडवतो. मग जवळ जाऊन हलवून पाहतो. नवख्याला हे नाटकी वाटतं. समोर माणूस मेल्यासारखा पडलाय आणि आपण त्याची ख्यालीखुशाली काय विचारतोय? पण समुद्रावर पालथे पडलेले बहुतेक लोक खालचे मासे बघत असतात. हाक मारल्याशिवाय हात लावला तर वाचवणाऱ्यालाच दोन शब्द ऐकावे लागतील. दुसरं कारण अधिक खोल आहे. हाक मारताना वाचवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तो चिरका निघतोय की स्थिर, यावरून पुढच्या दोन मिनिटांचा अंदाज प्रशिक्षकाला येतो, आणि शहाणा असेल तर त्याला स्वतःलाही.

उत्तर आलं नाही की त्याला उताणा करायचा. इथे रचनेतलं पहिलं सुंदर वळण येतं. आपण त्याच्या डोक्याच्या बाजूला, समोरासमोर. आपले हात एकमेकांवरून ओलांडायचे आणि उजव्या हाताने त्याचं उजवं मनगट, डाव्याने डावं धरायचं. मग ओलांडलेले हात नुसते सोडवायचे. आपले हात सरळ होतात आणि त्या सरळ होण्यातच तो माणूस अंगावरच्या टाकीसकट, ओल्या वेटसूटसकट, उताणा होतो. जोर लावावा लागत नाही. ऐंशी किलोचा गडी पन्नास किलोची मुलगी फिरवते. ज्याने ही युक्ती पहिल्यांदा बसवली त्याचं नाव मला कुठे सापडलेलं नाही. लोकगीताच्या कर्त्यासारखा तो हरवला असावा.

मग तरंगणं. त्याच्या बीसीडीत हवा भरायची, म्हणजे त्याच्या अंगावरचं फुगणारं जाकीट फुगवायचं, आणि कमरेची शिशाची वजनं सोडून द्यायची. आपलीही. महाग वजनं समुद्राच्या तळाशी जाताना पाहणं काटकसरी मराठी मनाला जड जातं, हे मी पाहिलेलं आहे. पण जाकीट गच्च फुगवायचं नाही, ही त्यातली बारीक गोष्ट. गच्च फुगलेलं जाकीट छातीला आवळतं, आणि पुढे तोंडापाशी पोहोचायला आडवं येतं. श्वास अजून तीन-चार पावलं दूर आहे, पण त्याची सोय आतापासूनच केली जाते. मदतीची हाकही इथेच, होडीच्या दिशेने, मोठ्याने.

त्यानंतर मास्क उतरवायचा, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीची हवा तोंडात देणारं उपकरण, काढायचा, हनुवटी उचलून डोकं मागे झुकवायचं, आणि थांबायचं. दहा सेकंदांपर्यंत फक्त पाहायचं, ऐकायचं, गालाला श्वास जाणवतो का ते बघायचं. जाड वेटसूट आणि जाकिटाखाली छाती वरखाली होते की नाही हे धड दिसत नाही, म्हणून गालाचा भरवसा जास्त. नाडी पाहायची नाही. हलत्या पाण्यात, गार पडलेल्या बोटांनी नाडी लागली काय आणि न लागली काय, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून रचनेने तो प्रश्नच काढून टाकलाय. हा माणूस जिवंत आहे का, असं ती कुठेच विचारत नाही. प्रतिसाद देतो का आणि श्वास घेतो का, इतकंच विचारते. मला या दहा सेकंदांचं फार कौतुक वाटतं. इतक्या धावपळीनंतर काहीही न करण्याची जागा ठेवायला धैर्य लागतं. सरावात विद्यार्थ्याची पारख करायची तर मी इथे करीन. तो दहा सेकंद टिकतो की तिसऱ्यालाच हात चालवायला लागतो?

श्वास नाही असं ठरलं की दोन श्वास द्यायचे, आणि तिथून मोजणी सुरू होते. वन वन-थाउजंड, टू वन-थाउजंड, थ्री वन-थाउजंड. एक एक आकडा साधारण एका सेकंदाचा. दर पाचव्याला एक श्वास. किनारा किंवा होडी येईपर्यंत हे थांबत नाही.

आता इथे मला संगीताकडे जावंच लागेल, कारण ही रचना तालाशिवाय समजत नाही. श्वास ही तिची सम. पाच मात्रांचं आवर्तन. समेवर यायचंच, ती चुकली तर बाकी कितीही सफाईचं काम केलेलं असो, फुकट. पण सम गाठणं एवढंच काम असतं तर तो कंटाळवाणा ठेका झाला असता. मधल्या जागेत वाचवणाऱ्याला बरंच काही बसवायचंय: ओढत न्यायचंय, त्याची टाकी-जाकीट सोडवायचंय, स्वतःचंही सोडवायचंय, होडीवर सूचना द्यायच्यात. आणि ती जागा प्रत्यक्षात पाच मात्रांची नाहीच. चारला त्याच्या तोंडाकडे वळावं लागतं, पाचला श्वास जातो. कामाला राहतात एक, दोन, तीन. मोजणी चारपासून धरली तर दोन मात्रा श्वासाच्या आणि तीन कामाच्या, म्हणजे अर्ध्या झपतालाचं विभाजन झालं. हा माझा छंद आहे. रचणाऱ्यांच्या मनात झपताल नक्कीच नव्हता. पण झपताल हाताने धरून पाहिलेल्या माणसाला या सरावात काय चाललंय ते लगेच पोहोचतं, असा माझा अनुभव आहे.

तीन मात्रांत काय मावतं? एक बकल. छातीवरची क्लिप, पुढच्या आवर्तनात कमरेचा पट्टा, त्याच्या पुढच्यात डाव्या खांद्याचा, मग उजव्या. घाईने दोन बकलं एका आवर्तनात बसवायला गेलं की दुसरं अर्धवट राहतं आणि चार येऊन ठेपतो. अशा वेळी चांगला विद्यार्थी बकल सोडून देतो आणि तोंडाकडे वळतो. कच्चा विद्यार्थी ‘झालंच आता’ म्हणत ओढत राहतो, आणि पाच, सहा, सात निघून जातात. अर्धं सुटलेलं बकल तसंच ठेवून समेवर येणं: माझ्या लेखी सातव्या सरावाचं सगळं शिक्षण एवढ्यातच आहे. हातात घेतलेलं काम पुरं करायची आपली सवय इतकी पक्की असते, की ती मोडायला अंगाला खूप तालीम द्यावी लागते.

आधी त्याचं सामान उतरवायचं की आपलं, यावर प्रशिक्षकांत दोन तट आहेत. मी त्याचं आधी या बाजूचा. ओढताना टाकीचा अडसर त्याच्या पाठीवर जास्त जाणवतो, आणि आपलं फुगलेलं जाकीट तेवढा वेळ आपल्याला धरून ठेवतं. होडी अगदी जवळ असेल आणि सामान उतरवताना श्वास चुकणार असतील, तर सामान उतरवूच नये हेही त्यात आलं.

अजून एक बारकावा, जो पुस्तकाच्या चित्रात दिसत नाही. श्वास देण्यासाठी वाचवणारा स्वतःला वर उचलू पाहतो. पाण्यात आधार नसल्याने त्याच्या वर येण्याचा भार खालच्या माणसावर पडतो आणि त्याचं तोंड बुडतं. म्हणजे श्वास द्यायला जावं आणि पाणी पाजावं. उपाय उलटा आहे: आपण वर जायचं नाही, त्याला आपल्याकडे कलता करायचा. आपला हात त्याच्या काखेतून जाऊन त्याला धरून असतोच. त्या हाताने त्याचं अंग थोडं वळवलं की त्याचं तोंड आपल्या तोंडापाशी येतं. दोन श्वासांच्या मधे पाणी उडत असेल तर त्याच्या नाका-तोंडावर पंजाचा आडोसा धरायचा. या पंजाने मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. तीन मात्रांच्या कामातला एक हात रचनेने निव्वळ लाटेसाठी राखून ठेवलाय!

मालवणच्या बाजूला एका सकाळी हा सराव बघत होतो. बळीची भूमिका प्रशिक्षकाची. माणूस तिथलाच, पन्नाशीकडे झुकलेला, डोळे मिटून असा सैल पडलेला की बघणाऱ्याला काळजी वाटावी. वाचवणारी पुण्याची मुलगी. सरावात श्वास प्रत्यक्ष देत नाहीत. गालाशी तोंड नेऊन हवा बाजूला फुंकतात. तिची मोजणी सुरेख चालली होती. कमरेच्या पट्ट्यापर्यंत सगळं समेवर. मग खांद्याचं बकल अडलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, डोक्याखालचा हात निघाला आणि प्रशिक्षकाचं डोकं पाण्यात गेलं. दोन क्षणांनी मृत मनुष्य खोकत उठला. “नाकात पाणी गेला माझ्या. मी मेलंय.” आणि पुन्हा डोळे मिटून आडवा.

“सॉरी सर. पहिल्यापासून करू?”

“मेलेल्याक काय विचारतंस?” डोळे मिटलेलेच.

तिने पहिल्यापासून केलं. दुसऱ्या खेपेला ते बकल अडलं तेव्हा तिने ते सोडलं, श्वास दिला, परत आली, पुन्हा सोडलं, श्वास दिला. तीन आवर्तनं एका बकलात गेली. होडीवरून बघणाऱ्या एकाला ते संथ वाटलं असणार, कारण तो ओरडला, “अगं, ओढ ना जोरात!” तिने मान वर केली नाही. ती मला त्या सकाळी सर्वांत आवडलेली जागा.

श्वासालाच इतका मान का, हा प्रश्न रास्त आहे. हल्ली रस्त्यावर कोसळलेल्या माणसाची छाती दाबा, श्वासाचं नंतर बघू, असं सर्रास सांगितलं जातं. आणि हृदय अचानक थांबलेल्या माणसाच्या बाबतीत ते बरोबरही आहे, कारण त्याच्या रक्तात त्या क्षणी प्राणवायू शिल्लक असतो. बुडणाऱ्याचं उलट होतं. आधी प्राणवायू तुटतो, मग श्वास थांबतो, आणि हृदय त्यानंतरही काही काळ धडधडत असतं. ती मधली फट हीच सातव्या सरावाची रंगभूमी. त्या फटीत दिलेला श्वास हृदयाला थांबू देत नाही. हृदय एकदा थांबलं तर पाण्यात काहीही करता येत नाही. छाती दाबायला पाठीखाली कठीण काही लागतं, आणि समुद्रात ते नाही.

याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी पहिली संस्था निघाली ती ॲम्स्टरडॅममध्ये, १७६७ साली. कालव्यांचं शहर, माणसं पडायचीच. त्या संस्थेच्या उपायांत तोंडाने श्वास देणं होतं, आणि त्याच्याच जोडीला बुडालेल्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं. पुढे तोंडाने श्वास देणं मागे पडलं आणि अंग दाबून, हात उचलून फुप्फुसं चालवायच्या पद्धती आल्या: १९०३ सालची शेफरची, १९३२ सालची होल्गर नील्सनची. दोन्हींत माणसाला जमिनीवर पालथं घालावं लागे. म्हणजे पाण्यात वाचवणाऱ्याला करण्यासारखं एकच उरत होतं, ओढा आणि किनारा गाठा. मग १९५० च्या दशकात जेम्स ईलम आणि पीटर सफार या डॉक्टरांनी तोंडाने दिलेला श्वास पुरतो हे प्रयोगांनी दाखवलं. सफारने बाल्टिमोरमध्ये स्वेच्छेने आलेल्या माणसांना औषधाने निश्चेष्ट करून, त्यांचे स्वतःचे श्वास बंद पाडून, दुसऱ्यांकडून श्वास द्यायला लावले. आज कुठलीही नीतिसमिती असल्या प्रयोगाला हात लावू देणार नाही. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, आपण सोडलेल्या श्वासात सुमारे १६ टक्के उरतो, आणि तेवढा दुसऱ्याला चालतो. सातवा सराव उभा आहे तो या आकड्यावर. त्याच्या आधी तो रचताच आला नसता.

आणि आता त्यातली सर्वांत कठोर जागा. होडी किंवा किनारा साधारण पाच मिनिटांच्या आत असेल, तर श्वास देत देत ओढायचं. त्याहून लांब असेल, तर जागेवर राहून सुमारे एक मिनिट श्वास द्यायचे आणि काही हालचाल, काही प्रतिसाद दिसतो का ते पाहायचं. दिसला नाही, तर श्वास थांबवायचे आणि जितक्या वेगाने ओढता येईल तितक्या वेगाने ओढायचं. इतका वेळ ज्या समेला सगळं वाहिलं, तीच सोडून द्यायची. तर्क साफ आहे: मिनिटभर श्वास देऊनही काही नाही, म्हणजे बहुधा हृदय थांबलंय; आता त्याला कठीण फळी आणि छाती दाबणारे हात लागतील, आणि ते होडीवर आहेत. पाण्यातला प्रत्येक श्वास आता उशीर आहे. पण तर्क साफ असला म्हणून करणाऱ्याच्या मनाला तो सोपा जातो असं नव्हे. मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. बहुतेक जण सरावात तो करून बघतच नाहीत, कारण प्रशिक्षणाची होडी नेहमी जवळ असते. मला ते खटकतं. रचनेचा कस जिथे लागतो ती जागाच वगळून ती शिकवली जाते.

आता थोडं शेजारच्या सरावांविषयी, नाहीतर सातव्याचं कौतुक एकांगी होईल. विद्यार्थ्यांचा आवडता सराव दुसरा, घाबरलेल्या डायव्हरचा. त्यात नाट्य आहे. डोळे ताणलेले, मास्क कपाळावर ढकललेला, रेग्युलेटर थुंकून टाकलेला, पाण्याची शिडी चढावी तसे हात चाललेले, आणि जवळ जाणारा जो कोणी असेल तो त्याच्या लेखी पायरी. प्रशिक्षक असा काही अंगावर येतो की विद्यार्थी ओरडतात. तो झेपावला की मागे कलून फिन त्याच्याकडे करून दूर व्हायचं, हे शिकावं लागतं. पकडलाच तर आपण पाण्याखाली जायचं, कारण घाबरलेला माणूस खाली येत नाही, तो सोडतोच. मग मागून येऊन गुडघ्यांत त्याची टाकी धरायची आणि त्याचं जाकीट फुगवायचं. सगळं रोमांचक. पण पहिल्या-दुसऱ्या खेपेनंतर त्यात नवीन काही सापडत नाही. भीतीचा एक डाव आणि त्यावर एक प्रतिडाव. सहावा सराव, तळाशी निपचित पडलेल्याला वर आणण्याचा, जास्त खोलीचा आहे, दोन्ही अर्थांनी. रेग्युलेटर तोंडात असेल तर तो तसाच दाबून ठेवायचा, नसेल तर घालत बसायचं नाही. दहा मीटरवरची हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा घेते, म्हणून आपलं जाकीट रिकामं ठेवून त्याच्या जाकिटातल्या हवेवर दोघांनी वर यायचं, आणि वाटेत ती हवा सोडत राहायचं. नाहीतर दोघेही बुचासारखे वर फेकले जातील. चांगला सराव आहे. पण त्याचा शेवट सातव्याच्या दारातच होतो.

आठवा मात्र सातव्याच्या पुढे फारच लंगडा पडतो. माणसाला पाण्यातून बाहेर काढणं. सातव्यात जे इतकं मोजूनमापून चाललं होतं ते होडीच्या कडेशी येऊन विस्कटतं: दोन श्वास द्या, कसंतरी वर काढा. इथे कोणतीही एक रीत चालत नाही हे मला मान्य आहे. वाळूचा किनारा वेगळा, खडक वेगळे, शिडीची बोट वेगळी, आणि उंच कडेची मच्छीमार होडी पार वेगळी. पण म्हणूनच तयारी करणाऱ्याने इथे जास्त खोलात जायला हवं, आणि अभ्यासक्रम ते त्याच्यावर सोडून मोकळा होतो. जिच्यावरून आपण खरोखर डाइव्ह करतो त्या होडीवर, भरलेल्या टाक्या आणि माणसं असताना, एकदा तरी शहाणपणाने हे करून बघावं. तिथे कळतं की वर ओढायला दोघं लागतात, आणि त्यातला एक तर इंजिन धरून बसलाय.

तयारीची आता काही कलमं सांगायची तर सगळी त्या तीन मात्रांशी येऊन मिळतात. आपल्या जाकिटाची बकलं डोळे मिटून, हातमोजे घालून सोडवता यायला हवीत. आणि फक्त आपल्याच नव्हे, भाड्याने मिळणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या जाकिटांचीही, कारण बळी आपलंच मॉडेल घालून बुडेल याची हमी नाही. कोरड्या जमिनीवर, खुर्चीला जाकीट चढवून, मोठ्याने मोजत हे करता येतं. घरचे हसतात, हसू द्यावं. पॉकेट मास्क, म्हणजे बळीच्या तोंडावर ठेवून त्यातून श्वास द्यायचा घडीचा मास्क, वापरायचा असेल तर तो खिशातून काढून उलगडून तोंडावर बसवायला किती मात्रा जातात ते मोजून ठेवावं. खिशात तळाशी गेलेला मास्क आवर्तनं खातो. स्वतःची तरंगण्याची शिस्त इतकी पक्की हवी की तिच्याकडे लक्ष द्यावं लागू नये. दम हवा, पण जोरकस पोहण्यापेक्षा हळू, न थांबता, बोलत ओढत राहण्याचा दम हवा. मोजत बोलताना धाप लागत असेल तर आकडे आखडतात, आणि पाच सेकंदांचे तीन होतात. लय चढत जाते आणि गाणाऱ्याला कळतही नाही.

आपल्या कोकण किनाऱ्याची एक खास अडचण. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, आणि उघडला तरी इथलं पाणी अंदमानसारखं स्वच्छ नसतं. पाण्याखाली काही मीटरपलीकडे दिसत नाही असे दिवस भरपूर. बेपत्ता डायव्हर शोधण्याचा पाचवा सराव इथे करणं म्हणजे खरी परीक्षा. चौकोन वाढवत शोधताना हातातला होकायंत्राचा काटा हाच डोळा होतो. सातव्यासाठी मात्र गढूळ पाण्याने काही बिघडत नाही, लाट बिघडवते. म्हणून तलावात बसवलेला सातवा सराव थोड्या हलत्या समुद्रात पुन्हा करून घ्यावा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाने डायव्हिंग शिकवणारी संस्था उभी केलेली आहे, तलाव आणि समुद्र दोन्ही हाताशी आहेत; पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यासाठी अंदमान गाठायची गरज नाही.

प्रशिक्षकाकडे दोन गोष्टी हट्टाने मागाव्यात. एक, होडी लांब ठेवून तो मिनिटाचा नियम एकदा प्रत्यक्ष करायला लावा, श्वास थांबवून ओढण्यासकट. दुसरी, बळी होण्याची पाळी. वर्गात ती कुणालाच नको असते, सगळ्यांना वाचवायचं असतं. पण डोळे मिटून पाण्यावर पडल्यावर तुम्हाला आपल्या सहाध्यायाची मोजणी कानाशी ऐकू येते. कोणत्या आकड्याला त्याचा हात सुटतो, कधी तो बकलात अडकला, कधी त्याने काम टाकून तुमच्याकडे तोंड वळवलं, सगळं न बघता समजतं. आणि त्याचं काही चुकलं तर तुमचं नाक सांगेलच.